कॅमेऱ्याचे तीन पाय

श्रोतेहो, छायाचित्रणावर बोलावयास आलेला मनुष्य कॅमेऱ्याविषयीं किंवा भिंगाविषयीं बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. दुकानांतहि तसेंच घडतें. कॅमेरा घेण्यापूर्वीं आपण महिनाभर चौकशी करतों, चार मित्रांना विचारतों, घरांत खर्चावरून वाद घालतों, आणि सर्व कांहीं ठरून पैसे मोजतांना दुकानदार सहज विचारतो, "सोबत ट्रायपॉड देऊं का?" आपण म्हणतों, "द्या एखादा." हा जो ‘एखादा’ असतो, त्याच्याविषयीं मला आज बोलावयाचें आहे. कारण अशाच एका ‘एखाद्या’ ट्रायपॉडमुळें माझें जें नुकसान झालें, तें पुढें कितीहि पैसे खर्च केले तरी भरून आलें नाहीं.

२०११ सालच्या मे महिन्यांतील ही गोष्ट. अमळनेर तालुक्यांतील एका खेड्यांत माझ्या आत्याचें सासर. वाडा जुना, सागवानी खांबांचा, वर धाबें. भाऊबंदांत वांटणी झाली होती आणि पावसाळ्यापूर्वीं वाडा उतरवावयाचा, लांकूड विकावयाचें, असें ठरलें होतें. ह्या वाड्याच्या माडीवर एका भिंतीला चित्रें होतीं. गणपति, शेषशायी विष्णु, गजेंद्रमोक्ष, आणि खालच्या कोपऱ्यांत चिताऱ्यानें आपल्या लहरीनें काढलेली एक आगगाडी. आत्याच्या आजेसासऱ्यांनीं तीं काढवून घेतलीं होतीं. आत्या म्हणाली, "भिंत कांहीं उचलून नेतां येत नाहीं. तूं तिचे फोटो तरी काढून दे."

माडीला दोनच लहान खिडक्या. चित्रांवर कोणीतरी कधीं काळीं रोगण चढविलेलें असल्यामुळें फ्लॅश लावला कीं भिंतीवर पांढरा डाग उमटे. तेव्हां आहे त्या उजेडांत, दोन-दोन सेकंद पडदा उघडा ठेवून फोटो घेणें एवढाच मार्ग होता. माझा ट्रायपॉड किलोभरहि वजनाचा नव्हता. गणपति पार आढ्याजवळ होता, म्हणून मीं ट्रायपॉडचे पाय शेवटपर्यंत ओढले, आणि तेवढ्यानें भागेना म्हणून मधला दांडा पुरा वर चढविला. घरांतील माणसें माडीवरून सामान खालीं नेत होतीं. पावलागणिक फळ्या हलत होत्या. त्याचें मला त्या वेळीं कांहींच वाटलें नाहीं. कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर सर्व फोटो सुरेख दिसत होते.

जळगांवास घरीं येऊन ते संगणकावर मोठे करून पाहिले, तेव्हां चौदापैकीं अकरा फोटो हललेले निघाले. आत्यानें चष्मा लावून पहिला फोटो पाहिला आणि म्हणाली, "काय रे, ह्या गणपतीला दोन सोंडा कशा?" मी पुन्हां जाण्याची तयारी केली, पण तोंवर माडी उतरली होती, भिंत पडली होती आणि तिची पांढरी माती खत म्हणून कोणाच्या तरी शेतांत जाऊन पडली होती.

आतां ह्यांतील मुद्दा असा कीं, उरलेले तीन फोटो अगदीं स्पष्ट होते. तेच भिंग, तोच उजेड, तेच दोन सेकंद, आणि हातहि माझाच. फरक इतकाच कीं, हे तीन फोटो भिंतीच्या खालच्या भागाचे होते. त्यासाठीं मीं मधला दांडा खालीं घेतला होता आणि पायांचे शेवटचे, काडीसारखे बारीक भाग आंत सारले होते. म्हणजे त्या ट्रायपॉडचा जेवढा भाग खरोखर ट्रायपॉड होता, तेवढ्यानें आपलें काम केलें. बाकीची उंची शोभेची होती.

ट्रायपॉडला आपल्या भाषेंत तिवई म्हणावयास हरकत नाहीं. खळ्यांत धान्य उफणतांना शेतकरी तीन पायांच्या उंच तिवईवर उभा राहतो, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तीन पायच कां, ह्याचें उत्तर त्या खळ्यांत आहे. चार पायांचा चौरंग ओबडधोबड जमिनीवर ठेवला कीं एक पाय अधांतरीं राहतो आणि चौरंग डुगडुगतो. तीन टेंकें मात्र कशाहि जमिनीवर एकाच वेळीं टेंकतात. परंतु न डुगडुगणें म्हणजे न पडणें नव्हे. कॅमेऱ्याचा भार तीन पायांच्या त्रिकोणाच्या आंत पडला पाहिजे. म्हणून उतारावर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवावा. भिंग लांब व जड असेल तर एक पाय बरोबर भिंगाच्या खालीं यावा. आणि मधला दांडा वर चढविला कीं आपण तीन पायांवर एक पाय उभा करतों, हें विसरूं नये. ज्या उंचीवर आपला डोळा असतो, त्या उंचीला मधला दांडा न चढवितां कॅमेरा पोंचला पाहिजे. ट्रायपॉडची उंची अधिक हेडची उंची अधिक कॅमेऱ्याची उंची, अशी बेरीज करून पाहावी. पुष्कळ ट्रायपॉडांच्या वेष्टणावर छापलेली उंची दांड्यासकट असते.

दुसरी गोष्ट नळीच्या जाडीची. येथें थोडें गणित सांगतों. पोकळ नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून तिचा व्यास दुप्पट केला, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होत नाहीं, सुमारें आठपट होतो. १२ मिलिमीटरची नळी आणि २४ मिलिमीटरची नळी ह्यांत डोळ्यांना दिसणारा फरक बोटभरहि नाहीं. पण कामांत दिसणारा फरक माझ्या गणपतीच्या सोंडेएवढा आहे. पायाचे भाग जितके अधिक, तितका शेवटचा भाग बारीक. आणि प्रत्येक सांधा म्हणजे ढिलाईची एक जागा. तीन भागांचा पाय घडी केल्यावर लांब राहतो, पिशवींत मावत नाहीं, एस. टी. च्या गर्दींत शेजाऱ्याच्या गुडघ्याला लागतो, हें सर्व खरें. तरीहि ज्याला पाठीवर बांधून डोंगर चढावयाचा नाहीं, त्यानें चार किंवा पांच भागांच्या मोहांत पडूं नये.

नळी कशाची असावी? अॅल्युमिनियम स्वस्त आणि दणकट. पोंचा आला तरी चालतें. पण जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतां दुपारीं तिला हात लावून पाहा. वरच्या भागांना फोमचें किंवा साधें सुती आवरण गुंडाळल्याशिवाय ती हातांत धरवत नाहीं. कार्बन फायबर हलकें, उन्हांत हाताला कमी पोळणारें आणि कंप लवकर शमविणारें. मात्र महाग, आणि अणकुचीदार दगडावर जोरानें आदळलें तर वाकण्याऐवजीं तडकणारें. लांकूड कंप उत्तम शोषतें, म्हणून मोजणीदारांच्या यंत्राखालीं पुष्कळ काळ लांकडी तिवई राहिली. आज ती घरगुती छायाचित्रकारानें वापरणें म्हणजे हौसेचा भाग. ज्याची ऐपत मर्यादित आहे, त्यानें हलक्या दर्जाच्या कार्बनपेक्षां चांगलें अॅल्युमिनियम घ्यावें असें माझें मत आहे.

सांधे घट्ट करण्याच्या दोन तऱ्हा आहेत, पिळाची आणि खटक्याची. खटका लवकर उघडतो आणि लागला कीं नाहीं हें नजरेनें कळतें. पिळाचा सांधा सुटसुटीत, पण काळ्या मातीची बारीक धूळ आंत शिरली कीं करकरूं लागतो. तापीच्या वाळूंत ट्रायपॉड उभा करावयाचा असेल तर खालचा भाग आधीं बाहेर काढून उभा करावा, म्हणजे सांधा वाळूपासून वर राहतो. घरीं आल्यावर पाय सुटे करून पुसून वाळवावेत. जो ट्रायपॉड घरीं सुटा करतां येत नाहीं, तो खानदेशांत घेऊं नये.

माझ्या आत्याच्या भिंतीचें जें झालें, तें आमच्या शेजारीं फार मोठ्या प्रमाणावर पूर्वींच घडून गेलेलें आहे. जळगांवाहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. ह्या गृहस्थानें वर्षानुवर्षें तेथें राहून मोठमोठ्या तैलचित्रांत त्या भिंती उतरविल्या. तीं चित्रें लंडनला गेलीं, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं गेलीं, आणि १८६६ च्या आगींत त्यांतलीं बहुतेक जळून गेलीं. पुढें गिलनें छायाचित्रेंहि घेतलीं. जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या मजकुरासह तीं १८६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं. १८७९ मध्यें त्याला मृत्यु आला आणि त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. त्या काळीं काचेवर ओला लेप देऊन, तो वाळण्यापूर्वीं फोटो घेऊन लगेच धुवावा लागे. कॅमेरा म्हणजे लांकडी पेटी. ती हातांत धरून काम करण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वेळच्या छायाचित्रकाराला ट्रायपॉड घ्यावा कीं न घ्यावा हा विचार कधीं करावाच लागला नाहीं. तो आपल्याला करावा लागतो, कारण आपले कॅमेरे मुठींत मावूं लागले.

पण लेण्यांतील अंधार आहे तेवढाच आहे. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल ह्यांनीं अजिंठ्याचीं चित्रें झगझगीत दिव्यांवांचून, तेथल्या मंद उजेडांत पुष्कळ वेळ पडदा उघडा ठेवून टिपलीं, आणि त्यांत जे रंग दिसले ते पाहून जाणकारहि चकित झाले. असें काम हातांत कॅमेरा धरून होत नाहीं. येथें एक व्यवहाराची सूचना. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास बंदी आहे; आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या स्मारकांत हातांतील कॅमेऱ्यानें फोटो घेणें वेगळें व ट्रायपॉड लावणें वेगळें. ट्रायपॉडसाठीं आधीं परवानगी घ्यावी लागते. ती न घेतां पायऱ्या चढून गेलेले व दाराशीं अडविलेले हौशी लोक मीं पाहिले आहेत. परवानगी मिळाली तरी पायांना रबरी टोपणें असलींच पाहिजेत. लोखंडी टोंकें शेतांत किंवा डोंगरावर शोभतात, लेण्याच्या फरशीवर नव्हेत.

आतां हेडकडे वळूं. ट्रायपॉडच्या पायांवर जो भाग कॅमेऱ्याला धरून वळवितो, त्याला हेड म्हणतात. स्वस्त ट्रायपॉडांत तो पायांशीं कायमचा जडलेला असतो, आणि एक बिघडलें कीं दोन्ही टाकावीं लागतात. चांगल्या ट्रायपॉडांत पाय वेगळे आणि हेड वेगळें मिळतें. पायांवरचा स्क्रू बहुधा तीन अष्टमांश इंचाचा, इंचाला १६ आट्यांचा असतो. आणि हेडवर कॅमेऱ्यासाठीं पाव इंचाचा, इंचाला २० आट्यांचा. सारें जग मीटरनें मोजूं लागलें तरी हा इंची स्क्रू टिकून आहे. त्यामुळें एका कारखान्याच्या पायांवर दुसऱ्याचें हेड बसतें, आणि दोहोंची निवड निरनिराळी करतां येते.

हेडच्या मुख्य जाती दोन. एकांत कॅमेरा एका गोळ्यावर बसतो. एक कळ सैल केली कीं तो वाटेल तिकडे वळतो, आणि कळ आवळली कीं तेथेंच थांबतो. ह्याला बॉल हेड म्हणतात. तें आटोपशीर आणि चपळ आहे. लग्नकार्यांत, प्रवासांत, नदीकांठीं संध्याकाळचा उजेड घटकेघटकेला बदलत असतां त्याच्यासारखें दुसरें नाहीं. परंतु त्यांत एक अवगुण असतो. कळ आवळून हात काढला कीं कॅमेऱ्याचें नाक केसभर खालीं येतें. निसर्गदृश्यांत हें चालतें; चौकट जुळवून घेतलेल्या भिंतीच्या किंवा कागदाच्या फोटोंत चालत नाहीं. आणि डावीउजवी बाजू सुधारावयास जावें तर वरखाल बिघडते, कारण सर्व दिशा एकाच कळीवर अवलंबून.

दुसरें हेड तीन दांड्यांचें. एक दांडा वर-खालीं, दुसरा बाजूला कलण्यासाठीं, तिसरा आडवें फिरविण्यासाठीं. काम सावकाश होतें; दांडे पिशवींत अडकतात; पण एक दिशा सुधारतांना बाकीच्या दोन जागच्या हलत नाहींत. ह्याचेंच अधिक सूक्ष्म रूप म्हणजे दंतचक्रांचें हेड. त्यांत खुंटी फिरवून कॅमेरा अंशाच्या भागानें सरकवितां येतो. मी स्वतः तीन दांड्यांच्या पक्षाचा आहें, आणि माझे तरुण मित्र मला त्याबद्दल हंसतात. त्यांना पक्षी टिपावयाचे असतात. हिवाळ्यांत हतनूरच्या जलाशयावर पहाटे जाऊन बसणाऱ्यांना माझें हेड निरुपयोगीच आहे. लांब जड भिंग तोलून धरणारें व पाळण्यासारखें झुलणारें गिंबल हेड त्यांच्या कामाचें. चलच्चित्र घ्यावयाचें असेल तर द्रव भरलेलें फ्लुइड हेड घ्यावें. कॅमेरा फिरतांना तें झटका बसूं देत नाहीं. एकाच हेडनें सर्व कामें होतील असें जो दुकानदार सांगेल, त्याच्याकडून निदान हेड तरी घेऊं नये.

हेडवर कॅमेरा चटकन बसविण्यासाठीं एक पट्टी असते. ती हरवली कीं ट्रायपॉड असून नसल्यासारखा. म्हणून विशिष्ट कारखान्याचीच पट्टी लागणारें हेड घेण्यापेक्षां आर्का-स्विस पद्धतीची, सुमारें ३८ मिलिमीटर रुंदीची पट्टी चालणारें घ्यावें. ती अनेक कारखाने करतात. सगळ्यांचीं मापें तंतोतंत जुळतात असें नाहीं, तेव्हां दुकानांतच बसवून पाहावी.

‘भारक्षमता ८ किलो’ असा जो आंकडा वेष्टणावर असतो, त्याविषयीं थोडें. तो मोजावा कसा ह्याबद्दल सर्व कारखान्यांना बंधनकारक अशी एक पद्धत नाहीं. आठ किलोखालीं तो ट्रायपॉड मोडणार नाहीं, इतकाच बहुधा त्याचा अर्थ. आठ किलोखालीं तो थरथरणार नाहीं, असा नव्हे. आपल्या कॅमेऱ्याच्या व भिंगाच्या एकत्र वजनाच्या तिप्पट आंकडा असेल तर विचार करावा, आणि तरीहि स्वतः पारखून पाहावें. ही पारख मी आतां सांगतों. ज्यांच्या घरीं ट्रायपॉड आहे त्यांनीं ती आजच करून पाहावी.

ट्रायपॉड पूर्ण उंच करा, मधला दांडा मात्र खालींच राहूं द्या. माथ्यावर तळहात ठेवून खालीं दाबा. पाय फांकतां कामा नयेत, सांधे घसरतां कामा नयेत. मग माथा दोन्ही हातांनीं धरून किल्ली फिरवावी तसा पिळा. येथें पुष्कळ ट्रायपॉड उघडे पडतात. खालीं दाबल्यावर खांबासारखा वाटणारा, पिळल्यावर वेतासारखा वळतो. नंतर कॅमेरा बसवा, समोर भिंतीवर वर्तमानपत्र लावा, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक ओळ शक्य तितकी मोठी करून पाहा. आतां एका पायाला बोटानें टिचकी मारा आणि अक्षरें स्थिर होईपर्यंत मनांत आंकडे मोजा. एक म्हणतांच स्थिर झालीं तर ट्रायपॉड उत्तम. तीन-चारपर्यंत गेलात तर मधला दांडा कधींहि वर चढवूं नका. आणि त्याहून पुढें जावें लागलें, तर तो ट्रायपॉड कॅमेऱ्यासाठीं नाहीं असें समजा. ह्या परीक्षेला दुकानदाराची हरकत असेल, तर दुसरें दुकान पाहावें.

चांगला ट्रायपॉडहि चुकीच्या वापरानें निकामी होतो. बोटानें कळ दाबली कीं कॅमेरा हलतो. म्हणून दोन सेकंदांचा विलंब लावावा किंवा दूरची कळ वापरावी. आरशाच्या कॅमेऱ्यांत आरसा उडतांना जो धक्का बसतो, तो सेकंदाच्या पंधराव्या भागापासून एक सेकंदापर्यंतच्या फोटोंत अधिक जाणवतो. आरसा आधीं वर उचलून ठेवण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा. वाऱ्यांत मधल्या दांड्याच्या आंकड्याला पिशवी अडकवावी म्हणतात, तें अर्धेंच खरें. साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहींत. तेथल्या वाऱ्यांत लोंबती पिशवी घंटेच्या लोलकासारखी झुलते आणि ट्रायपॉडलाहि झुलविते. पिशवी जमिनीला टेंकलेली असावी, म्हणजे तिचें वजन मिळतें आणि झोका मिळत नाहीं. आणि माडीवर फोटो घेत असाल तर घरच्या माणसांना दोन मिनिटें एका जागीं बसावयास सांगा. एवढें मला त्या दिवशीं सुचलें असतें तर!

कोणी म्हणेल, हल्लींचे मोबाईल आणि कॅमेरे हाताचा कंप स्वतःच सांवरून घेतात, मग हें ओझें कशाला? ती सोय खरी आहे आणि मीहि तिचा लाभ घेतों. परंतु ट्रायपॉडचा उपयोग केवळ कंप टाळण्यापुरता नसतो. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट केला, तो वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा एका जागीं ठेवून, थोडेंथोडें चित्रण महिन्याहून अधिक काळ घेऊन. कॅमेरा रोज नव्यानें मांडला असता तर रोपट्याऐवजीं भिंतच वाढतांना दिसली असती. आणि आमच्या चाळीसगांवचे केकी मूस (१९१२–१९८९)! आयुष्याचीं कित्येक दशकें हा कलावंत आपल्या घराबाहेर जवळजवळ पडला नाहीं, आणि घरांतल्या मेजावर साध्यासुध्या वस्तु मांडून त्यांतून सृष्टि उभी करणारीं त्याचीं छायाचित्रें जगभर प्रदर्शनांत गेलीं. ह्या प्रकाराला टेबल-टॉप म्हणतात. त्यांत एक वस्तु तसूभर सरकवावयाची, भिंगांतून पाहावयाचें, दिवा किंचित् वळवावयाचा, पुन्हां पाहावयाचें, असें तासन् तास चालतें. दोन्ही हात मेजावर गुंतलेले असतां कॅमेऱ्यानें आपली जागा सोडावयाची नाहीं. एकदां ती सुटली कीं सारी मांडणी पहिल्यापासून. चाळीसगांव स्टेशनजवळचें त्यांचें घर आज संग्रहालय म्हणून जपलेलें आहे. मुंबईहून गाडीनें येणाऱ्यांनीं तेथें अवश्य उतरावें.

आणखी एक काम आमच्याकडे विशेष आहे, तें म्हणजे जुन्या कागदांचें. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले. दुसऱ्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. शंकर श्रीकृष्ण देवांनीं जमविलेलीं समर्थ-संप्रदायाचीं बाडें धुळ्यासच वाग्देवता मंदिरांत आहेत. संस्थांचे कागद संस्था सांभाळतात. परंतु खानदेशांतील किती घरांत अजून मोडी कागदांचीं रुमालांत बांधलेलीं दप्तरें माळ्यावर पडून आहेत! त्यांचे फोटो घेऊन ठेवणें हें घरच्या मुलामुलींना सहज साधणारें काम आहे, आणि तें हातांत मोबाईल धरून केलें तर प्रत्येक पान तिरपें येतें. कॅमेरा सरळ खालीं पाहणारा हवा. त्यासाठीं मधला दांडा आडवा बसवितां येणारा ट्रायपॉड मिळतो. आडवा दांडा एका बाजूला ओढतो, म्हणून दुसऱ्या टोंकाला तेवढेंच वजन अडकवावें; घरांतील किलोचें मापहि चालतें. कॅमेरा कागदाशीं समांतर आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. कागदाच्या जागीं लहानसा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यांतून पाहा. चित्राच्या बरोबर मध्यावर भिंगाचें स्वतःचेंच प्रतिबिंब दिसलें कीं कॅमेरा समांतर झाला. मग आरसा उचलून पान ठेवावें आणि हेडच्या कळींना पुन्हां हात लावूं नये. येथें तीन दांड्यांचें हेड किती उपयोगी पडतें, तें एकदां केल्याशिवाय कळावयाचें नाहीं.

माझ्या हल्लींच्या ट्रायपॉडचें वजन दोन किलोंच्या वर आहे. अॅल्युमिनियमचा, तीन भागांचा, खटक्याच्या सांध्यांचा. मधला दांडा मीं कापून आंखूड करून घेतला आहे, म्हणजे मोह नको. पाय आणि हेड मिळून कॅमेऱ्याच्या किंमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा खर्च झाला. आधींच्या एखाद्याचे पैसे त्यांत मिळविले तर हिशेब आणखी वाढतो.

आत्याच्या सासरच्या दप्तराचें काम मागल्या दिवाळींत ह्याच ट्रायपॉडवर केलें. खेड्यांतल्या तिच्या नव्या घरांत, सिमेंटच्या फरशीवर, दोन दिवस बसून दोनशेंहून अधिक पानें घेतलीं. समोरच्या भिंतीवर ते वांचलेले तीन फोटो चौकटींत लावलेले आहेत. त्यांतला एक त्या आगगाडीचा. तिचे डबे मोजतां येतात, सात आहेत. पहिलीं पानें आत्याला दाखविलीं तेव्हां ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्या खेपेला अक्षरें एकेकच आलीं हं." जुना ट्रायपॉड मीं टाकून दिलेला नाहीं. कागदांवर बाजूनें उजेड पाडण्यासाठीं त्याच्या माथ्यावर एक दिवा बांधला होता. तो हलला तरी कांहीं बिघडत नाहीं.